मागे इंजिन असलेल्या स्पोर्ट्स कारची चाल : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४ : गाडी आणि कामाची मर्यादा

गाडी १९८५ सालची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ आहे. हवेने थंड होणारे, आडव्या सहा सिलिंडरांचे ३.२ लिटरचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेले आहे, त्याच्या पुढे गिअरबॉक्स आहे आणि ताकद मागच्या दोन चाकांना जाते. इंजिनाची मूळ ताकद २३१ अश्वशक्ती. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, घसरण आवरणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन नाही.

या प्रकल्पात दोन कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. वयाने थकलेले सस्पेंशन नव्याने बांधायचे, आणि ते बांधण्याच्या प्रत्येक टप्प्यावर गाडी चालवून, वजन मागे असण्याचा चालकाच्या हातांना, पायांना आणि पाठीला नेमका काय अनुभव येतो, ते लिहून ठेवायचे. इंजिनाला हात लावायचा नाही. ताकद वाढवली की चालीतला कोणता बदल कशामुळे झाला, हे सांगता येत नाही.

अशा गाड्यांची मागची बाजू केव्हाही फेकली जाते, असे सरसकट बोलले जाते. गेली काही वर्षे ही गाडी चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की ती अचानक काहीच करत नाही. चालकाने ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर ही तीन कामे एका ठरलेल्या क्रमाने करावीत, एवढीच तिची अट असते, आणि तो क्रम मोडला की ती ते लगेच दाखवून देते. हा क्रम कोणता आणि तो तसाच का, याची शहानिशा या नोंदींत व्हावी.

६ ऑक्टोबर : वजन

चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, अर्ध्या टाकीइतक्या पेट्रोलसह आणि चालकाविना मोजमाप घेतले. एकूण १२१० किलो. पुढच्या चाकांवर ४८२, मागच्या चाकांवर ७२८. म्हणजे पुढे ४० आणि मागे ६० टक्के. चालक दोन्ही ॲक्सलच्या साधारण मधोमध बसत असल्यामुळे तो आत आल्यावरही हे प्रमाण फारसे हलत नाही.

या आकड्यांमागे कारखान्याची मोठी झटापट आहे. १९६४ साली उत्पादन सुरू झालेल्या पहिल्या ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, २२११ मिमी होता, आणि तिचे नाक इतके हलके वाटे की काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी ११ किलोची ओतीव लोखंडी वजने बसवली जात. १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाके ५७ मिमी मागे सरकवली गेली, इंजिन मात्र जागच्या जागी राहिले. त्याच वेळी एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गेल्या. माझ्या गाडीचा व्हीलबेस २२७२ मिमी आहे. इंजिन ॲक्सलच्या मागे असणे ही एकच गोष्ट कायम ठेवून बाकी सारे तिच्याभोवती जुळवत नेण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि या प्रकल्पातही मला तीच पाळायची आहे.

१३ ऑक्टोबर : जुन्या सस्पेंशनवर, मोकळ्या रस्त्यावर

बदल करण्यापूर्वीची चाल नोंदवून ठेवणे आवश्यक होते, म्हणून आजचा दिवस चढउतारांच्या, वळणांच्या आणि फारशी रहदारी नसलेल्या रस्त्यावर घालवला.

पहिली जाणीव स्टिअरिंगची होते. पुढच्या चाकांवर वजन कमी असल्यामुळे मदतीच्या यंत्रणेची गरजच भासत नाही, आणि मधे काही नसल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक सांधा, खडबडीत पट्टा आणि उतार हातांत येतो. स्टिअरिंगचे चक्र सरळ रस्त्यावरही किंचित डावी-उजवीकडे हलत राहते. नवा चालक ते घट्ट धरून स्थिर करू पाहतो. तसे केले की गाडी उलट अस्वस्थ होते. सैल धरलेल्या हातांत हीच हालचाल माहिती होते: चक्राचा भार वाढला की पुढच्या टायरना पकड मिळाली आहे, आणि वळणात भार एकाएकी कमी झाला की ती सुटू लागली आहे.

दुसरी जाणीव नाकाची. ॲक्सिलरेटर दाबला की पुढची बाजू उचलली जाते, सोडला की खाली बसते, आणि उंचवट्याच्या माथ्यावरून जाताना ताकद दिलेली असेल तर क्षणभर पुढची चाके रस्त्याला जेमतेम टेकलेली असल्याचे हाताला कळते. त्या क्षणी स्टिअरिंग वळवून काही उपयोग नसतो. माथ्याच्या आधी दिशा ठरलेली असावी लागते. बाजूच्या वाऱ्यातही नाक थोडे भरकटते, कारण वस्तुमानाचे केंद्र मागे आहे आणि वारा मात्र त्याच्या पुढच्या भागालाही ढकलतो. वेगात पुढचा भाग उचलला जाऊ नये म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ९११ ला पुढे खाली ओठासारखा स्पॉयलर आला, आणि १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ला इंजिनावरचे, मागच्या बाजूने उंचावलेले ते प्रसिद्ध झाकण आले.

तिसरी जाणीव सर्वांत सुखद आहे: अरुंद वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना मागची चाके जमिनीत रुतल्यासारखी पकड धरतात. साधारण ०.४ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) इतक्या प्रवेगात आणखी ८-९ टक्के वजन मागे जाते, म्हणजे जवळपास ७० टक्के भार ताकद देणाऱ्या चाकांवर असतो. पुढे इंजिन आणि मागे चाल असलेल्या गाडीत ज्या ठिकाणी पाय आवरता घ्यावा लागतो, तिथे ही गाडी निवांत पुढे झेपावते.

२० ऑक्टोबर : ब्रेक

मागे इंजिन असण्याचा सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा ब्रेकमध्ये आहे. वस्तुमानाचे केंद्र जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर धरले, तर ०.९ जी इतक्या जोरदार ब्रेकिंगमध्ये २२७२ मिमी व्हीलबेसवर सुमारे २० टक्के वजन पुढे सरकते. ४० आणि ६० चे प्रमाण उलटून ६० आणि ४० होते, म्हणजे चारही टायर आणि चारही डिस्क भरीव काम करतात. पुढे इंजिन असलेल्या, ६० आणि ४० प्रमाणाच्या गाडीत हेच गणित ८० आणि २० पर्यंत जाते आणि मागचे ब्रेक जवळजवळ निरुद्योगी राहतात. या गाडीच्या मागच्या डिस्कचा व्यास पुढच्या डिस्कपेक्षा किंचित मोठा आहे, हे याच्याशी जुळते.

पायाला याचा अनुभव असा येतो की गाडी नाक खुपसत नाही. ती आडवी राहून, सगळी एकदम खाली दाबली गेल्यासारखी थांबते. मात्र सरळ रेषेत. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना स्टिअरिंग वळवले की हलकी झालेली मागची बाजू, तिच्यातल्या इंजिनासकट, सरळ जाऊ पाहते. म्हणून क्रमातले पहिले कलम येथेच नक्की होते: जोराचा ब्रेक स्टिअरिंग सरळ असताना.

पेडल जमिनीतून वर येणारी आहेत, वरून लोंबणारी नाहीत. ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पावलाच्या कडेने ॲक्सिलरेटरला स्पर्श करून इंजिनाचा वेग जुळवण्याची सवय या गाडीत चैनीची राहत नाही. खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग जुळला नाही, तर क्लच सुटताक्षणी फक्त मागच्या चाकांना ब्रेक लागल्यासारखे होते, आणि ते नेमके वळणाच्या तोंडाशी घडते.

२ नोव्हेंबर : वर्तुळ

रिकाम्या, सपाट, फरसबंद पटांगणावर ३० मीटर त्रिज्येचे वर्तुळ शंकूंनी आखून त्यावर फेऱ्या मारल्या. ज्याला ही गाडी समजून घ्यायची आहे त्याने शर्यतीच्या कुठल्याही सर्किटवर जाण्याआधी हे करावे, असे माझे ठाम मत आहे; येथे चूक झाली तर गाडी फार तर दोन शंकू पाडते.

ताशी ५० किमी वेगाने, म्हणजे या त्रिज्येवर सुमारे ०.६५ जी बाजूच्या भाराने, गाडी स्थिर फिरते. ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवला तर हाताला काही दुरुस्ती करावी लागत नाही. वेग ५५ च्या पुढे नेला की पुढची चाके बाहेर सरकू लागतात. हे अंडरस्टिअर आहे, आणि हलक्या नाकाच्या गाडीत ते आधी येणे स्वाभाविकच आहे. स्टिअरिंग अधिक वळवून ते जात नाही. ॲक्सिलरेटर एखाद्या सेंटिमीटरने कमी केला मात्र, की नाक खाली बसते, पुढच्या टायरना पकड मिळते आणि गाडी वर्तुळाच्या आत येते. पुन्हा थोडा दाबला की बाहेर जाते. हात जागच्या जागी ठेवून केवळ उजव्या पायाने वर्तुळ लहान-मोठे करता येते, आणि हे ज्या क्षणी साधते त्या क्षणी या गाडीचा स्वभाव कळू लागतो.

त्यानंतर ५५ च्या वेगातच ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण सोडून पाहिला. मागची बाजू बाहेर आली. यामागे तीन कारणे एकाच वेळी काम करतात. पहिले, वजन पुढे जाते, त्यामुळे पुढच्या टायरची पकड वाढते आणि मागच्यांची घटते. दुसरे, इंजिनाचा रोध केवळ मागच्या चाकांवर येतो आणि बाजूचा भार पेलण्यासाठी हवी असलेली त्यांची थोडी पकड तो खर्च करतो. तिसरे कारण सस्पेंशनच्या बांधणीतले आहे: मागची चाके तिरक्या मागे जाणाऱ्या भुजांवर बसवलेली आहेत, आणि त्या भुजांच्या टोकांतले रबर मागे ओढणाऱ्या बलाखाली दबले की चाकाचे तोंड किंचित बाहेर वळते. म्हणजे ज्या घडीला मागच्या चाकांनी गाडीला आधार द्यायचा, त्याच घडीला ती थोडी चुकीच्या दिशेला पाहतात. पोर्शेनेच १९७७ मध्ये पुढे इंजिन असलेल्या ९२८ साठी जी मागची ॲक्सल केली, ती हा परिणाम उलटवण्यासाठी होती. पाय सोडल्यावर तिची चाके आत वळतात. ९११ ला अनेक दुव्यांची तशी मागची बांधणी मिळायला १९९० च्या दशकातली ९९३ ही पिढी यावी लागली.

घसरण सुरू होण्याचा वेग माझ्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. ॲक्सलच्या मागचे वजन लगेच फिरत नाही, पण एकदा फिरू लागले की सहजी थांबतही नाही, कारण ते गाडीच्या फिरण्याच्या केंद्रापासून लांब आहे. मध्यभागी इंजिन असलेली गाडी पटकन फिरते आणि पटकन थांबते. ही सावकाश फिरते आणि उशिरा थांबते. म्हणून उलटे स्टिअरिंग लवकर द्यावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते लवकर काढूनही घ्यावे लागते, नाहीतर मागची बाजू परत येताना मध्यावर न थांबता दुसरीकडे निघून जाते. उपाय तितकाच स्पष्ट आहे: ब्रेकला हात न लावता, उलट्या स्टिअरिंगबरोबर ॲक्सिलरेटर हलकेच पुन्हा दाबायचा, म्हणजे वजन मागे येऊन बसते. घाबरलेल्या माणसाची सहजप्रवृत्ती नेमकी याच्या उलट असते. या गाड्यांची सगळी वाईट कीर्ती या एका विसंगतीतून आली आहे.

१० नोव्हेंबर : उकलणी

मागच्या भुजा आणि टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्या) बाहेर काढले. भुजांतले रबर कडक होऊन एका बाजूला बसले आहे. वर्तुळावर दिसलेल्या तिसऱ्या कारणाचा काही भाग या जुन्या रबराचा असणार. नवे बसवताना मूळ कडकपणाच्या थोडे वर जाणारे रबर निवडले. पूर्ण धातूचे सांधे घेतले असते तर चाक जागचे हलले नसते, पण रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट बॉडीत आला असता, आणि ही गाडी सर्किटइतकीच रस्त्यावरही चालायची आहे.

मागच्या टॉर्शन बारच्या आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ खाचा असतात. एका टोकाची एक खाच म्हणजे ९ अंश, दुसऱ्या टोकाची म्हणजे सुमारे ८.१८ अंश, दोन्ही टोके विरुद्ध दिशेला एकेक खाच सरकवली की ०.८२ अंशाचा फरक साधता येतो. इतक्या साध्या दोन आकड्यांनी उंचीची बारीक जुळणी शक्य करणाऱ्या माणसाविषयी मनात आदर दाटून येतो.

१ डिसेंबर : टॉर्शन बारची निवड

पुढचे मूळ बार १८.८ मिमी, मागचे २४ मिमी. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे मिलिमीटरचा फरक दिसतो त्याहून फार मोठा असतो. पुढे २१ मिमी घेतल्यास कडकपणा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. मागे २७ घेतले तर ६० टक्के, २६ घेतले तर ३८ टक्के.

२१ आणि २७ या जोडीत पुढच्या-मागच्या कडकपणाचे नाते मूळ गाडीसारखे राहते आणि वळणात शिरताना नाक अधिक तत्पर वाटते. २१ आणि २६ मध्ये मागची बाजू तुलनेने मऊ राहते. बाहेर पडताना पकड अधिक, शिरताना अंडरस्टिअर थोडे जास्त. मी दुसरी जोडी घेतली. बारीक अंडरस्टिअर ही या गाडीतली राखीव रक्कम आहे. ते पूर्ण घालवण्याच्या नादात मागची बाजू कडक केली, की पुढे आणि मागे एकाच वेळी सुटणारी गाडी हाती येते, आणि मग वर्तुळावर पायाने जी किमया केली ती करायला जागाच उरत नाही. पुढे जुळवता येणारा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी, दोन्ही बाजूंची चाके जोडणारी दांडी) बसवला, म्हणजे गरज पडल्यास नाक तेवढ्यापुरते तत्पर करता येईल.

८ डिसेंबर : चाकांची जुळणी

गाडी मूळ उंचीपेक्षा थोडी खाली आणली आणि स्टिअरिंग रॅक तेवढाच वर उचलला, नाहीतर खड्ड्यात चाक वर जाताना ते आपोआप वळते. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेतला कल; उणे म्हणजे वरची कड आत) पुढे उणे सव्वा अंश, मागे उणे पावणेदोन अंश. मागच्या प्रत्येक चाकाला १० मिनिटांचा, म्हणजे एक षष्ठांश अंशाचा टो-इन (चाकाचे तोंड किंचित आत वळवणे). पाय सोडल्यावर चाक बाहेर पाहू लागते, तेव्हा सुरुवात आतून व्हावी हा त्याचा उद्देश. वजनकाट्यांवर कर्णरेषेतली वजने समान केली.

१५ डिसेंबर : टायरमधली हवा

रिमची रुंदी पुढे ६ इंच आणि मागे ७ इंच. टायर पुढे १९५/६५ आणि मागे २१५/६०, सर्व १५ इंची. थंड टायरमध्ये हवा पुढे २.० बार, मागे २.५ बार. मागचे टायर रुंद आणि अधिक फुगवलेले असणे हा मागे इंजिन असलेल्या गाडीच्या रचनेचाच भाग आहे. बोल्ट किंवा स्प्रिंगइतकाच.

शेव्हरोले कॉर्व्हेर हे याचे ठळक उदाहरण. १९६० च्या मॉडेलपासून आलेल्या या मागच्या इंजिनाच्या गाडीत कारखान्याने पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय हवा सांगितली होती. १९६४ पर्यंतच्या गाड्यांची मागची बांधणी स्विंग ॲक्सलची होती, म्हणजे अर्धी ॲक्सल आणि चाक एकत्रच वर-खाली झुलत, आणि जोराच्या वळणात बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहत असे. अशा बांधणीत स्थिरतेचा मोठा वाटा हवेतल्या त्या फरकावर टाकलेला होता. इतर गाड्यांप्रमाणे चारही चाकांत सारखी हवा भरली की तो वाटा नाहीसा होई. १९६४ मध्ये पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पट्टीची स्प्रिंग आली, १९६५ मध्ये मागची बांधणी पूर्ण बदलली, तोवर गाडीचे नाव पुरेसे खराब झाले होते.

आज पुढे २.२ आणि मागे २.४ करून पाहिले. नाक तरतरीत झाले, पण मध्यम वेगाच्या वळणात पाय थोडा सोडताच मागची बाजू आधीपेक्षा लवकर हलली. जुने आकडे परत आणले.

५ जानेवारी २०२५ : सर्किट, कोरडा दिवस

आजची नोंद सविस्तर करतो, कारण प्रकल्पाचा गाभा येथे आहे.

लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी दुसऱ्या गिअरचे उजवे वळण आहे. ब्रेक सरळ रेषेत, जोराने. वळवण्याच्या खुणेशी आल्यावर ब्रेक एकदम सोडला तर नाक वर येते, पुढचे टायर मोकळे होतात आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरळ निघते. म्हणून स्टिअरिंग जसजसे वाढत जाते तसतसा ब्रेक उलगडत कमी करायचा. पायातला शेवटचा किलोभर दाब वळणाच्या आतल्या टोकाच्या थोडा आधीपर्यंत राहतो. तो दाब गाडीचा वेग फारसा कमी करत नाही, त्याचे काम नाकावर वजन धरून ठेवण्याचे आहे. दाब जास्त राहिला तर मागची बाजू फिरू लागते, कमी राहिला तर नाक बाहेर जाते, आणि या दोहोंमधली पट्टी गाडी स्टिअरिंगच्या भारातून व आसनातून अगदी स्पष्ट सांगते. मागची बाजू हलते ती चालकाच्या कमरेच्या मागे, त्यामुळे डोळ्यांना दिसण्याआधी ते पाठीला कळते.

त्यानंतर एक छोटा विराम येतो. ब्रेक संपलेला असतो, ॲक्सिलरेटर जेमतेम टेकवलेला असतो, आणि गाडी वळत राहते. हा विराम सोसायला शिकणे हाच या गाडीचा सर्वांत अवघड धडा आहे. इतर गाड्यांची सवय झालेला पाय येथे लगेच ताकद देऊ पाहतो. नाक वळून होण्याआधी ताकद दिली, तर पुढची चाके हलकी होतात आणि वळणाचा उरलेला भाग अंडरस्टिअरशी झगडण्यात जातो. मग चालक वैतागून पाय सोडतो, आणि वर्तुळावर पाहिलेला प्रसंग इथे ताशी शंभराच्या वेगात समोर येतो. नाक वळले, की मात्र पाय निःशंक दाबावा. स्टिअरिंग उलगडत न्यावे, मागचे टायर बसतात आणि गाडी ज्या ओढीने बाहेर पडते ती ओढ याच ताकदीच्या, पुढे इंजिन असलेल्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत मी अनुभवलेली नाही.

चौथ्या गिअरच्या लांब डाव्या वळणात क्रम तोच, पण प्रमाण बारीक. पाय वळणाआधी सरळ रेषेतच किंचित सोडायचा, वळताना पुन्हा टेकवायचा आणि मग सारे वळण थोड्या वाढत्या ताकदीवर घ्यायचे. हात जवळजवळ स्थिर राहतात. मार्ग बदलायचा असेल तर पाय एक-दोन मिलिमीटर हलतो. येथे वळणाच्या मध्यात वेग जास्त वाटला तरी पाय सोडण्याची मुभा नाही. म्हणून शंका असेल तेवढा वेग आधीच कमी करावा आणि आत एकदा शिरल्यावर शंका घेऊ नये.

नवे रबर आणि मागचा टो-इन यांचा परिणाम जाणवतो. पाय थोडा सोडल्यावर गाडी अजूनही आत येते, पण ती हालचाल आता एकसंध आहे; पूर्वी तिच्या शेवटी मागच्या चाकांचा जो एक वेगळा झटका येई, तो गेला आहे.

तेलाची पातळी दर सत्रानंतर पाहिली. सुमारे १३ लिटर तेल वेगळ्या टाकीत फिरत असल्यामुळे इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाट जागी असतानाच आकडा खरा येतो.

१९ जानेवारी : पाऊस

ओल्या सर्किटवर सगळ्या गोष्टी कमी वेगात आणि अधिक ठळकपणे घडतात. शिरताना नाकाला पकड फारच थोडी, त्यामुळे ब्रेक उलगडण्याची क्रिया दुप्पट सावकाश करावी लागते. बाहेर पडताना मात्र वजनाचा फायदा ओल्यात आणखी मोठा वाटतो. बर्फावरच्या रॅलीमध्ये या गाड्या का जिंकत होत्या ते येथे समजते: १९६८ साली व्हिक एल्फर्ड आणि १९६९ व १९७० साली ब्योर्न वॉल्डेगार्ड यांनी ९११ घेऊन मोंटे कार्लो रॅली जिंकली, पुढच्या वर्षी तीच रॅली मागे इंजिन असलेल्या आल्पीन ए११० ने जिंकली, आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतले उत्पादकांचे पहिले विजेतेपदही आल्पीन-रेनोलाच मिळाले. सैल पृष्ठभागावर वळणाआधीच पाय सोडून नाक वळवून घ्यायचे आणि मग मागच्या पकडीवर भरवसा ठेवून ताकद द्यायची, ही त्या चालकांची रीत कोरड्या सर्किटवरच्या क्रमाचेच मोठे रूप आहे.

९ फेब्रुवारी : दोन तुलना

एका स्नेह्यांच्या ३.३ लिटर ९११ टर्बोमध्ये (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा पंप तिच्या इंजिनात जास्त हवा भरतो) काही फेऱ्या चालवण्याची संधी मिळाली. १९७५ मध्ये आलेली पहिली टर्बो ३ लिटरची, २६० अश्वशक्तीची होती. १९७८ पासून ३.३ लिटर आणि ३०० अश्वशक्ती. या गाडीची पकड माझ्या गाडीहून जास्त, टायर रुंद, ब्रेक मोठे. तरी ती अधिक कठीण आहे, आणि कारण ताकदीच्या आकड्यात नसून तिच्या उशिरा येण्यात आहे. पाय दाबणे आणि ताकद येणे यांत अंतर असल्यामुळे वजन मागे केव्हा जाईल ते पायाच्या ताब्यात राहत नाही. वळणाच्या मध्यात मागितलेली ताकद वळणाच्या शेवटी येते, नाक त्या वेळी हलके होते, आणि मग पाय सोडण्याचा मोह अनावर असतो. अशा गाडीत ॲक्सिलरेटर हेच दुसरे स्टिअरिंग असेल, तर ते क्षणभर मागे चालणे किती महाग पडते, हे फार थोड्या फेऱ्यांत कळले.

दुसरी गाडी ९११ च्याच ९९१ या अलीकडच्या पिढीची जीटी३. व्हीलबेस आधीच्या पिढीपेक्षा १०० मिमी लांब, मागची चाकेही वळणारी, आणि हे सर्व संगणकाच्या देखरेखीखाली. वळणात शिरताना नाकाची आर्जवे करावी लागत नाहीत. पण बाहेर पडताना पाठीला मिळणारा रेटा, ब्रेकमध्ये गाडीचे आडवे बसणे आणि फार लवकर ताकद दिल्यास नाकाचे हळूच उलगडणे, हे सारे ओळखीचे आहे. मर्यादा खूप पुढे नेल्या आहेत. क्रम मात्र तोच ठेवला आहे.

२३ फेब्रुवारी : पेट्रोल

टाकी नाकात, पुढच्या ॲक्सलजवळ आहे. पूर्ण भरलेली आणि पाव भरलेली यांत सुमारे ६० लिटरचा, म्हणजे ४५ किलोच्या आसपासचा फरक पडतो आणि तो जवळजवळ सगळा पुढच्या चाकांवर. काट्यावर पुढचे प्रमाण भरल्या टाकीत ४१ टक्क्यांपर्यंत आणि पाव टाकीत ३९ टक्क्यांच्या आसपास आले. सर्किटवर हा फरक पहिल्याच वळणात कळतो: भरलेल्या टाकीने नाक शहाणे, पाव टाकीने ब्रेक थोडा अधिक काळ धरून ठेवावा लागतो. यापुढे प्रत्येक चाचणी अर्ध्या टाकीवरच होईल. आजवरच्या नोंदींपैकी ज्यांत टाकीची पातळी लिहिलेली आहे, त्यांचीच परस्परांशी तुलना करायची.

९ मार्च : अँटी-रोल बार आणि डिफरन्शियल

पुढचा अँटी-रोल बार एक छिद्र मऊ केला. मंद वळणात नाक थोडे लवकर येते, वेगवान वळणात पाय हलल्यावरचा प्रतिसाद बदललेला नाही. ही जुळणी कायम ठेवतो.

उरलेला प्रश्न मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलचा (डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा). ४० टक्के लॉक असलेले क्लच-प्लेटचे युनिट बसवले, तर बाहेर पडताना आतले चाक फिरणार नाही, आणि पाय सोडल्यावर दोन्ही मागची चाके एकमेकांना बांधली जाऊन फिरू पाहणाऱ्या मागच्या बाजूला विरोध करतील. दुसऱ्या बाजूने तोच विरोध वळणात शिरतानाही राहील आणि अंडरस्टिअर वाढवील. तसे युनिट असलेली याच पिढीची एक गाडी मागच्या आठवड्यात चालवली. ब्रेक उलगडताना तिची मागची बाजू माझ्या गाडीपेक्षा शांत होती, आणि बदल्यात नाकावर वजन थोडे अधिक काळ धरावे लागले. हा सौदा मला मान्य आहे. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोसाठी (गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग) गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तेव्हा ते युनिट बसवेन, आणि त्याबरोबर पुढचा कॅम्बर आणखी पाव अंश उणे करून ३० मीटरच्या वर्तुळापासून मोजमापे पुन्हा घेईन. तोवर हवा २.० आणि २.५, टाकी अर्धी, बाकी सर्व जसेच्या तसे.